ह्यांच्या मापाचा पट्टा

परत आल्याला महिना होऊन गेला. येणारी-जाणारी विचारतात, "काय मग, कुलाबा जिल्ह्याचा किनारा कसा काय?" मी म्हणते, मानेत दुखतो. लोकांना वाटतं बाई थट्टा करतेय. थट्टा कसली डोंबलाची! अजून सकाळी उठले की मान डावीकडे वळत नाही. दूधवाल्याला हाक मारायची तर आख्खी मी वळते. तरी विचारताहेत तर सांगते. समुद्र, माडाची बनं, जंजिऱ्याचा किल्ला हे सगळं तिकडे आहेच, आणि ते तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगणार आहे ते गळ्यातल्या पट्ट्याबद्दल, कारण सगळा प्रवास मी त्या पट्ट्याखालीच केला.

ह्यांचा ठाण्याला फोटोचा स्टुडिओ आहे. लग्नाची जोडपी, बारशाची बाळं, शाळेतले गट, असले फोटो काढून आमचं चालतं. पण ह्यांचा जीव बाहेरच्या फोटोंत. दर थंडीत दुकानाला कुलूप घालून कुठेतरी निघायचं, उन्हातान्हात हिंडायचं आणि काळे पडून परत यायचं. दोन वर्षांपूर्वी ह्यांची मान धरली ती धरलीच. डॉक्टरांनी शेक दिला, मालिश सांगितलं आणि शेवटी बजावलं की गळ्यात वजन अडकवायचं नाही, बाहेरची कामं आता पुरे. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले आणि कॅमेरा पुसत बसले.

यंदा गिरगावातल्या एका छापखान्याने कॅलेंडरसाठी ह्यांच्याकडे किनाऱ्याचे फोटो मागितले. हे मला म्हणाले, "शेवटची फेरी करतो. जमलं तर जमलं. नाही जमलं तर कॅमेरा विकून टाकतो आणि दुकानात बसून बारशी काढतो." तोंडाने 'विकून टाकतो' म्हणत होते आणि हात त्या कॅमेऱ्यावरून फिरत होता. मला ते बघवेना. मी बोलून गेले, "मी घालते गळ्यात. तुम्ही नुसतं बघा आणि दाबा."

तेव्हा काय माहीत होतं, केवढं वजन असतं ते!

कॅमेरा कसला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकावर एक दोन भिंगं असलेला तो उभा डबा आहे. तो डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा. वरचं झाकण उघडून खाली काचेत बघायचं, तिथे चित्र दिसतं. हे चांगले उंच आणि मी ह्यांच्या खांद्याच्याही खाली. तेव्हा आमची रीत ठरली ती अशी: कॅमेरा माझ्या गळ्यात, मी पुढे उभी, हे माझ्या पाठीशी. माझ्या खांद्यावरून वाकून हे काचेत बघणार, मला 'अर्धं पाऊल डावीकडे, जरा वर' असं सांगणार आणि उजवा हात माझ्या कुशीवरून पुढे आणून कळ दाबणार. दाबायच्या आधी दर वेळी कानाशी कुजबुजणार, "श्वास धर." मी श्वास धरायची. खट्ट झालं की सोडायची.

तिपाई होती की, म्हणाल. होती. पण तिचे पाय फाकून, स्क्रू आवळून होईपर्यंत समोरची माणसं आपापल्या घरी जाऊन जेवायला बसलेली असतात. आणि ती उचलायची कुणी? तेव्हा तिपाई ठाण्यालाच राहिली आणि तिच्या जागी मी गेले.

रेवस

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलो. धक्क्यावर मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका लाँचची वाट बघत होत्या. हे लगेच माझ्या मागे उभे. "अर्धं पाऊल उजवीकडे. श्वास धर."

श्वास धरून उभी राहिले तर त्या बायका पाट्या सांभाळत हसायला लागल्या. एकीला राहवेना. "अगो बाय, तुजा घोव भर धक्क्यावर वाकून तुज्या पोटात काय बघतोय?"

ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी म्हटलं, "फोटो काढताहेत तुमचा."

"मंग डबा तुज्या गल्यात कशाला? त्याला गला न्हाय?"

"त्यांची मान दुखते."

"आन तुजी?"

दुसरी जवळ आली, डब्याला बोट लावून म्हणाली, "सोनं हाय काय यात?" मी नाही म्हटलं. "मंग गल्यात घालून नको मिरवू बाय. गल्यात वजन घालायचं तर सोन्याचं. बाकीचं डोक्यावर." आणि गळ्यातलं सोनं हलवत त्या सगळ्या लाँचकडे गेल्या. केवढाल्या त्या पाट्या, आणि मान एवढीशी कलत नव्हती! आमच्याकडे बाजारातून भाजीची पिशवी आणली तरी आम्ही दारात बसकण मारतो.

आता पट्टा. ह्या कॅमेऱ्याने आजवर चार पट्टे पाहिले आणि मी प्रत्येकाचं दुखणं ऐकलं आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेला पट्टा अरुंद, करंगळीएवढा. तो दुपारपर्यंत मानेत रुततो आणि घामाने त्याचा रंग सदऱ्याला लागतो. मग ह्यांनी जुन्या बाजारातून लष्करी खाकी पट्टा आणला. रुंद होता, पण काथ्यासारखा खरखरीत. मानेवर घामोळं उठलं ते दिवाळीपर्यंत गेलं नाही. त्यानंतर मी हौसेने मखमलीचा शिवून दिला, आत कापूस भरून. तो खांद्यावरून सटासट घसरायचा, आणि घाम पिऊन त्याला असा वास सुटला की मांजरसुद्धा जवळ जाईना. शेवटी ठाण्यात घोड्यांचे लगाम करणाऱ्याकडून ह्यांनी चामड्याचा पट्टा करून घेतला. चार बोटं रुंद, जाड, टाके असे की ओढून तुटायचे नाहीत. पट्टा उत्तम, पण तो ह्यांच्या मापाचा.

ह्यांच्या मापाचा म्हणजे माझ्या गळ्यात घातला की कॅमेरा बेंबीच्या खाली लोंबतो आणि चालताना मांड्यांवर आपटतो. मी निघायच्या आधीच म्हटलं होतं, "अहो, कापून आखूड करून घ्या ना."

"कापला की मला पुरायचा नाही," हे म्हणाले. "मान बरी झाली की मलाच लागणार आहे."

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी ऐकलं होतं, ह्यांनीही ऐकलं होतं. पण जोवर तो पट्टा ह्यांच्या मापाचा होता, तोवर ह्यांच्या मनात ती मान बरी होणार होती. कापा म्हणून मी परत सांगितलं नाही. पट्ट्याला खांद्यापाशी एक दुमड घातली आणि सुतळीने करकचून बांधली. कॅमेरा वर आला, पण सुतळीची ती गाठ दिवसभर गळ्याच्या हाडावर घासत राहायची. रेवसहून एस्टीत बसलो तेव्हा तिथली कातडी सोलवटली होती.

नागाव

नागावला ह्यांच्या शाळासोबत्याची, बापूसाहेबांची वाडी आहे. नारळ, सुपारी, मधे विहीर आणि रहाट. असल्या सावलीत मला कुणी आठ दिवस नुसतं निजू दिलं असतं तर मी त्याला आशीर्वाद दिले असते. पण ह्यांना पाडेली हवा होता. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. तो सरसर वर जाणार, आम्ही खाली. वरचा फोटो म्हणजे मी मागे कलून उभी राहणार, हे माझ्याही मागे कलणार, आणि त्या अवघडलेल्या स्थितीत मी श्वास धरणार. दोनदा मी धाडकन ह्यांच्या अंगावर पडले. पाडेली वरून ओरडला, "बाईंना सांभाला साहेब, मी पडायचा न्हाय!"

संध्याकाळी बापूसाहेबांच्या घरच्यांनी पोपटी लावली. आमच्याकडे ठाण्याला हा प्रकार नाही. वालाच्या कोवळ्या शेंगा मीठ-ओवा लावून मडक्यात भरतात, वरखाली भांबुर्डीचा पाला, मडकं पालथं घालून भोवती पालापाचोळा पेटवतात. मडकं उघडलं की असा वास येतो की दिवसभराचा शीण निम्मा तिथेच उतरावा. सगळेजण कोंडाळं करून बसलो होतो. शेंगा निखाऱ्यासारख्या तापलेल्या. प्रत्येकजण एक उचलून ह्या हातातून त्या हातात नाचवत होता, हुश्श-हाश्श चाललं होतं.

ह्यांनी शेंग उचलली आणि शांतपणे सोलली. दुसरी उचलली. तीही सोलली.

बापूसाहेब म्हणाले, "काय रे, पोळत नाही तुला?"

"सवय आहे," हे म्हणाले. "दुकानात गरम दिव्यांशी खेळतो ना रोज."

सगळे हसले. मीही हसले. पण अंथरूण घालताना ह्यांचा उजवा हात बघितला तर अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना टपोरे फोड आले होते. "अहो, हे काय?" म्हटलं, तर हात मागे घेऊन म्हणाले, "अगं किरकोळ आहे." मी खोबरेल लावलं. लावताना बोट जरा दाबून बघितलं. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. मला ते आवडलं नाही, पण मी इतकी दमले होते की चिंता करायलाही अंगात त्राण नव्हतं.

मुरूडच्या वाटेवर

रेवदंड्याची खाडी तरीने ओलांडली आणि पलीकडून मिळेल त्या वाहनाने मुरूड गाठलं. त्या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, हाडांना विचारा. मधे नांदगावला उतरलो, तिथे एका घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मिळाली. मी त्या घरच्या बाईकडे दुसरी भाकरी मागितली, तर तिने न विचारता तिसरीही वाढली. आमच्या बाजूला पाहुण्याने मागून घेणं जरा कमीपणाचं समजतात. तिथे न मागणाऱ्याचाच राग येतो.

मी जेवले, पण ह्यांच्याकडे लक्ष होतं. भाकरी हे डाव्या हाताने तोडत होते. आयुष्यभर ज्याने डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलांच्या पाठीत धपाटे घातले तो माणूस! माझं लक्ष गेलेलं बघून हात बदलला. मी चटणी पुढे केली.

आता वाटतं तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मला उत्तराची भीती वाटत होती. विचारलं आणि ह्यांनी सांगितलं असतं, तर तिथूनच ठाण्याला परतावं लागलं असतं, आणि मग तो कॅमेरा दुकानाच्या काचेत 'विकणे आहे' अशी पाटी घेऊन बसला असता. मान मोडेना का, पण ते मला नको होतं.

मुरूड

मुरूडला होड्या सकाळी भरतीबरोबर किनाऱ्याला लागल्या. हे आदल्या दिवसापासून ह्याच फोटोची वाट बघत होते. "सगळ्या प्रवासात हा एक मिळाला तरी बास," मला म्हणाले होते. मी पदर खोचला, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओली झाली, आणि आम्ही दोघं एकापाठी एक पाण्यात उभे राहिलो. सगळ्यांत पुढे एक म्हातारी कोळीण होती, तिला सगळे हिराबाय म्हणत होते. होडीतून पाटी डोक्यावर घेऊन ती पाण्यातून सरळ आमच्याकडेच येत होती. मागे लाटा, अंगावर कोवळं ऊन. मला फोटोतलं काही कळत नाही, पण हा चांगला आहे हे मलाही कळलं.

"श्वास धर," हे म्हणाले.

मी धरला. मागे होड्यांवरचा आरडाओरडा, लाटांचा आवाज, बायकांची भांडणं. हे काही सोड म्हणेनात. माझ्या छातीत दुखायला लागलं.

"झालं का?" मी ओठ न हलवता विचारलं.

"कळत नाही," हे म्हणाले. "झाला बहुतेक. नाही झाला." आणि कॅमेरा माझ्या अंगावरून दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या कानाशी नेला. कानाशी! मला काही समजायच्या आत तो ह्यांच्या हातातून निसटला.

खाली पडला नाही, कारण पट्टा माझ्या गळ्यात होता. पण ते सगळं वजन एकदम हिसक्याने खाली आलं. सुतळीच्या त्या गाठीत माझं मंगळसूत्र अडकलं होतं. मानेला चटका बसला आणि काळे मणी पाण्यात टपटप पडले.

आपल्याकडे ह्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. 'तुटलं' असा शब्दसुद्धा काढत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. मी एरवी असलं काही मनावर घेणारी बाई नाही. पण त्या क्षणी माझा हात मोकळ्या गळ्याशी गेला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जागच्या जागी उभे होते, हात तसेच पुढे धरलेले, आणि त्या हातांकडे असे बघत होते की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"हलू नको, बाय! पाय उचलू नको!" हिराबाय ओरडली. पाटी दुसरीच्या डोक्यावर देऊन ती आलीच. "काय झाला? गल्यातलं वाढवलंस काय? अगो, या गो सगल्याजणी!"

आणि आल्या की हो सगळ्या! ताजी मासळी तशीच ठेवून आल्या. एकीने जवळा धरायची बारीक जाळी आणली. जिच्यातून मिरीएवढा जवळा सुटत नाही तिच्यातून मणी कुठला सुटायला? माझ्या पायांभोवतीची वाळू त्या ओंजळीओंजळीने जाळीत घेत होत्या आणि पाण्यात हिसळत होत्या. वाळू जायची, मणी राहायचे. "गावला!" "ह्यो एक!" असं चाललं होतं. सोन्याच्या दोन्ही वाट्या माझ्या खोचलेल्या पदरात अडकल्या होत्या, त्या मला नंतर दिसल्या. काही मणी समुद्राने ठेवून घेतले, पण पुष्कळ मिळाले.

हिराबायने मला धरून कोरड्यात आणलं. तिने घरून हळकुंड आणि दोरा मागवला होता. "गला मोकला ठेवायचा न्हाय, क्षणभर पण न्हाय," म्हणत तिने हळकुंड दोऱ्यात बांधून माझ्या गळ्यात घातलं. मग तिला मानेवरचं ते सोलवटलेलं दिसलं. पट्टा बोटाने उचलून तिने सुतळीची गाठ बघितली. "ह्या कोणी बांधला?"

"मी," म्हटलं. "पट्टा ह्यांच्या मापाचा आहे. मला मोठा होतो."

"मंग तुज्या मापाचा का न्हाय केला?"

ती ह्यांच्याकडे बघून बोलली. मिळालेले मणी तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात बांधून माझ्या हातात दिले आणि पाटी उचलून गेली. मासळी लिलावाला चालली होती, तिला कुठला वेळ!

आम्ही वाळूवर बसून राहिलो. मला राग आला होता, रडू आलं होतं आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त मी थकले होते. म्हटलं, "आता खरं सांगा. बोटांना काय झालंय?"

हे म्हणाले, "कळत नाही काही. ह्या तीन बोटांना."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. कळ दाबली गेली की नाही ते हाताला समजत नाही. आवाजावरून ओळखतो."

"आणि श्वास धर म्हणता ते?"

"तू श्वास घेतलास तर मला खट्ट ऐकू येत नाही."

मला वाटत होतं, कॅमेरा हलू नये म्हणून सांगतात. सगळा प्रवास मी छाती फुटेस्तोवर श्वास धरत होते तो ह्यासाठी! मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते. पण समोर बसलेला माणूस आपली बोटं वाळूत खुपसून बघत होता, काही लागतंय का.

हिराबायचा तो फोटो आला नाही. ठाण्याला रोल धुतल्यावर बघितलं, नुसतं आभाळ आणि एका होडीचं टोक.

श्रीवर्धन

मुरूडहून राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला आणि तिथून श्रीवर्धनला गेलो. वाटेत मी म्हटलं, "म्हसळ्यावरून ठाण्याची गाडी धरू या." हे "हं" म्हणाले. कॅमेरा कुणाच्याच गळ्यात नव्हता. पट्ट्यासकट गळ्यातून काढून मी तो पिशवीत चादरीखाली ठेवला होता, आणि खोटं कशाला बोलू, मान मोकळी झाल्याचं सुख वाटत होतं. त्या सुखाची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो होतो त्या घरी मी चहा घेत होते. हे पिशवीतून पट्ट्यासकट कॅमेरा काढून म्हणाले, "चल जरा बाजारात."

वाटलं, झालं, गिऱ्हाईक बघायला निघाले. हे असं तडकाफडकीच करतात. चहा तसाच ठेवून मी मागोमाग निघाले. वाटेत "अहो, घाई नको, ठाण्याला जाऊन विचार करू," असं म्हणत राहिले. हे पुढे चालत होते.

बाजारात एका झाडाखाली चांभार बसला होता. हे त्याच्यासमोर थांबले आणि पट्टा सोडवून त्याच्या हातात दिला. "आखूड करायचाय."

चांभाराने पट्टा उलटासुलटा बघितला. "भारी काम हाय साहेब. किती आखूड?"

"ह्यांच्या मापाने," हे म्हणाले आणि मला पुढे उभं केलं. भर बाजारात! आजूबाजूची चार माणसं बघायला लागली. हे माझ्या गळ्यात पट्टा घालून मागे सरले, पुढे आले, कॅमेरा माझ्या छातीखाली धरला आणि मला विचारलं, "मान किती वाकवावी लागते? आत दिसतं नीट?"

"मला काय करायचंय दिसून?"

"दिसतं का ते सांग."

मी वाकून बघितलं. त्या काचेत श्रीवर्धनचा बाजार उजवा-डावा उलटा होऊन चालला होता. इतके दिवस गळ्यात वागवला, पण त्यात मी कधी धड बघितलं नव्हतं. माझ्या डोक्यावरून ह्यांचंच बघणं चालायचं. "दिसतं," मी म्हटलं.

ह्यांनी पट्ट्यावर नखाने खूण केली. चांभाराने रापी काढली, चामड्यावर टेकवली आणि थांबला. "साहेब, भोक पाडून देऊ काय? कापला की परत लांब व्हायचा न्हाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. नको म्हणा, माझ्या मनात आलं. देवा, ह्यांना भोकावर थांबू दे. माझी मान गेली खड्ड्यात.

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "काप."

रापी चामड्यातून गेली. मग हे त्याला सांगत बसले की बकल मानेवर येऊ दे, पुढे काही टोचता कामा नये, काही अडकता कामा नये, आतून मऊ अस्तर लाव. अस्तराला काय लावू, त्याने विचारलं. मी पुरचुंडीतले मणी रुमालात घेतले आणि हिराबायच्या लुगड्याचा तुकडा त्याला दिला. कापून उरलेला पट्टा हातभर होता. ह्यांनी तो गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला.

तेव्हा तुम्हा कुणाला दिवसभर कॅमेरा वागवायचा असेल तर माझ्याकडून एवढं ऐका. पट्टा रुंद असावा, बाहेरून चामडं आणि आतून जुनं सुती लुगडं. नवं कापड नको, ते घासतं. बकल मागे. बाईमाणसाने तो एका खांद्यावरून तिरका घालावा म्हणजे गळ्यातल्याला लागत नाही, आणि फोटो काढताना तेवढा पुढे घ्यावा. आणि माप ज्याचं त्याचं असावं. हे सगळं करूनही मान दुखतेच, ती माझी अजून दुखतेय. पण सोलवटत नाही.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. सवयीने मी पुढे उभी राहिले आणि सवयीने हे माझ्या मागे आले. वाकले. कॅमेरा आता वर आला होता, काचेवर माझं डोकं येत होतं. ह्यांनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"मला काही दिसत नाही," हे म्हणाले.

आणि मग कुठे उभं राहावं हे न कळून माझ्या बाजूने पुढे गेले. माझ्यासमोर, पाण्याकडे पाठ करून थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचा एकट्याचा म्हणून एक फोटो आमच्या घरात नाही. जो तो ह्यांच्यासमोर उभा राहिलेला. जगाला 'हनुवटी खाली, हात असे' म्हणून सांगणारा माणूस, त्याला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते समजेना. शेवटी खिशात घातले, जिथे तो उरलेला पट्टा होता.

मी काचेत बघितलं. चाक फिरवून नीट दिसेपर्यंत आणलं, जसं ह्यांना करताना पाहिलं होतं तसं. कळीवर बोट ठेवलं. मला ती बोटाला चांगली लागली, गार होती.

"श्वास धरा," मी म्हटलं.

छापखान्याने नागावचा पाडेली घेतला, रेवसच्या हसणाऱ्या बायका घेतल्या. हा फोटो कुणी मागितला नाही, तो आमच्या दुकानात लावला आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, वहिनी, चांगला आहे, पण साहेबांचे डोळे मिटले की हो. मी पावती फाडते. हे तेव्हा खट्ट ऐकत होते.